मालनबाईंचं बसणं

मालनबाई तरे यांचा एकही धड फोटो कोलशेत गावात बरीच वर्षं नव्हता. फोटो पुष्कळ होते. पण त्यांत जिथं मालनबाई असायला हव्या तिथं पुसट, लांबट, वाऱ्यासारखं काहीतरी असायचं. लग्नाच्या फोटोत पोपट तरे मुंडावळ्या बांधून होडी बांधायच्या खुंटासारखा ताठ उभा आहे, आणि त्याच्या शेजारी मुंडावळ्या बांधलेला वारा. फोटोवाल्यानं "हलू नका" म्हणायला आणि नवऱ्याच्या खांद्यावर मुंगी दिसायला एकच गाठ पडली. मुंगी निघाली. नवरी मात्र फोटोत यायची राहिली ती राहिलीच.

"आमची सून कशी दिसते ते तिला बघितल्याबिगर कलनार नाय," असं त्यांच्या सासूबाई, दगडाबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "फोटूत ती मावत नाय."

आम्ही कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायला आलो तेव्हा नव्वद साल उजाडलं होतं. घोडबंदर रोडला तेव्हा इमारती नव्हत्या, इमारतींच्या पाट्या होत्या. गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला कारखान्यांची धुराडी आणि मधे देवळापुढचं समाजमंदिर. त्याच्या ओसरीत मालनबाईंची बालवाडी भरायची. बालवाडी एका संस्थेची होती. संस्थेला गावातलीच शिकलेली बाई हवी होती आणि सातवी पास झालेली सून गावात एकच निघाली. संस्थेची माणसं विचारायला गेली तेव्हा ती एका हातानं बोंबील वाळत घालत होती, दुसऱ्या हातानं शेजारणीच्या पोराला आंघोळ घालत होती आणि पायानं कोंबड्या हाकलत होती.

"मुलं सांभाळाल का?"

"मंग आता काय करते?" मालनबाई म्हणाल्या. झाली नेमणूक.

आमची धाकटी तिथं जायला लागली. मालनबाईंच्या बालवाडीत नाक वाहायच्या आधी पुसलं जाई. ठेच लागायच्या आधी फुंकर मारली जाई. पोरगं करंगळी वर करायच्या विचारात असे, तोवर ते बाहेर गटाराच्या कडेला पोहोचलेलंही असे. धाकटी खूश होती. पण हळूहळू तिनं घरी पाणी मागायचं सोडून दिलं. नुसती माठाकडे बघत उभी राहायची. बायको म्हणाली, "अगं, काय हवंय ते तोंडानं सांग की!" तर धाकटीनं आईची कीव केली. "आमच्या बाईंना न सांगता कळतं," ती म्हणाली.

आम्ही हसलो आणि पाणी दिलं.

त्याच बालवाडीत शेवंती नावाची चार वर्षांची मुलगी होती. ती बोलायचीच नाही. तिचं सगळं बोलणं मालनबाई करायच्या. "शेवंतीला भूक लागली", "शेवंतीला आज गानं नको", "शेवंतीला खिडकीपाशी बसायचं हाय". एखाद्या मोठ्या माणसाला वकील असावा तशा शेवंतीला मालनबाई होत्या. गावानं तिला मुकी ठरवून टाकली होती. "घरात बोलते थोडी," असं तिचे आजोबा राघो भोईर शपथेवर सांगत. पण राघोबांना स्वतःलाच ऐकू कमी येई, त्यामुळे ही साक्ष कोणी धरली नाही.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात संस्थेच्या पर्यवेक्षिका ठाण्याहून आल्या. चहा घेतला, मुलांची गाणी ऐकली आणि जाताजाता बॉम्ब टाकला. पुढच्या वर्षीच्या जूनपासून प्रत्येक बालवाडीत प्रशिक्षण घेतलेलीच शिक्षिका हवी. प्रशिक्षणाचा वर्ग डोंबिवलीला, वर्षभर, दुपारचा. जिला जमेल तिनं करावा.

"आनि नाय जमला तर?"

"तर शिकलेली मुलगी आम्ही पाठवू. तुम्ही मदतनीस म्हणून राहा ना. झाडलोट, खाऊ वाटायचा. तुम्हाला काढत नाही आहोत आम्ही."

त्या संध्याकाळी मालनबाई आमच्याकडे आल्या. आल्या म्हणजे आमच्या पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आणि मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत चालत राहिल्या. वाटेत आमच्या विखुरलेल्या चपला जोडीनं लावल्या, कॅलेंडर सरळ केलं, गॅलरीतले कपडे काढून घड्या घातल्या.

"बसा हो मालनबाई," बायको म्हणाली.

"बसायला जीव हाय का ठिकान्यावर, वहिनी? माझ्या बालवाडीत मीच झाडू मारू? आनि ती नवीन पोरगी मना सांगनार, बाई, खाऊ वाटा?"

दारात दगडाबाई उभ्या होत्या. सून निघाली की त्या मागून निघत, ती नक्की कुठं जाते ते कळावं म्हणून. त्या म्हणाल्या, "पोरां सांभालायला बी आता शाला? आमी एवढी पोरां वाढवली, तवा कुनी सर्टिफिकीट मागितला नाय."

"अहो आजी, डॉक्टरला नाही का शिकावं लागत?" बायकोनं वकिली केली.

"डाक्टर चुकला तर मानूस मरतो, बाय."

"आणि बालवाडी चुकली तर?"

दगडाबाई उत्तर शोधत उंबऱ्यावर टेकल्या. मालनबाई तेवढा वेळसुद्धा थांबल्या नाहीत. त्या आमचा पंखा पुसायला स्टुलावर चढल्या होत्या.

डोंबिवलीचा वर्ग पूर्वेला एका बालमंदिराच्या माडीवर भरायचा. खाली बालमंदिर, वर वर्ग. खिडक्यांना पांढरे स्वच्छ पडदे, दारात रोज ताजी रांगोळी, आणि वर्गाच्या मुख्य कालिंदीताई बर्वे. कालिंदीताई खुर्चीत एकदा बसल्या की बसल्या. आवाज चढवत नसत, हात हलवत नसत. बाकी सगळ्या मुली विशी-बाविशीच्या. मालनबाई चाळिशीला टेकलेल्या. पहिल्याच दिवशी मुलींनी त्यांना "काकू" करून टाकलं.

वर्ग सुरू झाला की मालनबाईंना फळा मळका दिसे. तो पुसून होतो तर माठ रिकामा दिसे. माठ भरून येतात तर कल्याणच्या मंजुळाची वेणी सुटलेली दिसे. ही मंजुळा त्यांच्या बाकावरची. बालविकासाचा तास संपेपर्यंत मंजुळाची वेणी दोनदा घालून होई.

"मालनताई, बसा," कालिंदीताई म्हणायच्या.

"बसले ना, बाई."

"तुम्ही उभ्या आहात."

"उभी ऱ्हाऊन बसले."

अभ्यासात मात्र त्या कमी पडल्या नाहीत. संध्याकाळी पोपट ओट्यावर फाटलेलं जाळं विणायला घेई आणि मांडीवर पुस्तक उघडून ठेवी. तो विचारी, मालनबाई चुलीपासून विहिरीपर्यंत फेऱ्या मारत उत्तरं देत.

"बालकाच्या गरजा सांग."

"भूक, झोप, माया, खेल, भीती नसनं..."

"आनि बाप घरी नसनं," पोपट पदरचं घाली. त्याचं जाळं अर्धंमुर्धं राही, पण मालनबाईंचं बालमानसशास्त्र गाठीगाठीनिशी पक्कं झालं. लेखी परीक्षा त्यांनी धडाक्यात दिली. बाकाखाली पाय हलत होते तेवढेच.

घोडं अडलं ते निरीक्षणाशी.

निरीक्षण म्हणजे असं: खाली बालमंदिरात जायचं, कोपऱ्यात बसायचं, एक मूल निवडायचं आणि अर्धा तास फक्त त्याच्याकडे बघायचं. बोलायचं नाही, शिवायचं नाही, उठायचं नाही. नंतर काय पाहिलं ते तोंडी सांगायचं, आणि पाहिलं तेवढंच सांगायचं. "'रडला' म्हणा," कालिंदीताई शिकवायच्या, "'हट्टी आहे' म्हणू नका. रडणं तुम्हाला दिसलं. हट्ट तुम्ही घरून आणलात." हे जमल्याशिवाय पुढं काही नाही, प्रमाणपत्र तर नाहीच नाही.

मुलींना वाटलं, ही तर विश्रांती! मालनबाईंना घाम फुटला.

पहिल्या वेळी समोरच्या मुलाच्या सदऱ्याचं बटण उघडं होतं. मालनबाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बटण लागलेलं होतं आणि त्या मुलापाशी त्या स्वतःच उकिडव्या बसलेल्या होत्या. आपण तिथं कशा आलो ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. दुसऱ्या वेळी एका मुलानं लाकडी मणी नाकाशी नेला. मालनबाई कोपऱ्यातून अशा सुटल्या की वाटेतले ठोकळ्यांचे दोन मनोरे पडले आणि तीन मुलं रडायला लागली. मुलाच्या हातून मणी काढून घेतला तेव्हा तो हुंदके देत म्हणाला, "मी वा-वास घेत होतो!"

"मण्याचं मी समजू शकते," कालिंदीताई म्हणाल्या. "पण परीक्षक समजणार नाहीत. एकदा बसून दाखवा, मालनताई. फक्त बसून."

घरी येऊन मालनबाईंनी बसायचा सराव सुरू केला. पोपटला समोर बसवायचा आणि त्याचं निरीक्षण करायचं. पोपट बिडी शिलगावी, आणि निरीक्षण तिथंच संपून दुसरंच काहीतरी सुरू होई. गावात ही गोष्ट पसरली. नाक्यावरून जाताना पोरं ओरडायची, "मालनकाकी, बसलाव का?" चंदू तरे म्हणून त्यांचा एक चुलत दीर होता, तो म्हणाला, "वयनीला खुंटाला बांधा नि परीक्षेला न्या."

तोडगा सापडला तो दगडाबाईंना. एका दुपारी ओट्यावर सून सुक्या जवळ्याचं सूप घेऊन निवडायला बसली होती. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. त्यातला कचरा, शिंपले, काड्या वेचून काढायचं काम मोठं वेळखाऊ. दगडाबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गो सूनबाय, जवला घेतलास का तू दगड होतंस बघ. मघापासून हललेली नाय."

मालनबाईंनी स्वतःकडे पाहिलं. खरंच की! हात चालले होते, पण बाकीची मालन बसलेली होती. आणि बसल्या जागेवरून अख्खी आळी दिसत होती. कोण आलं, कोण गेलं, कुणाची कोंबडी कुणाच्या दारात. पिढ्यानपिढ्या गावच्या बायका अशाच बसत आल्या, हात जवळ्यात आणि डोळे गावात.

"आये," मालनबाई म्हणाल्या, "सापडला!"

तिसऱ्या निरीक्षणाच्या दिवशी मालनबाई सूप आणि जवळ्याची पिशवी घेऊन डोंबिवलीला निघाल्या. कायदा त्यांनी नीट तपासला होता. बोलायचं नाही, शिवायचं नाही, उठायचं नाही. निवडायचं नाही, असं कुठं म्हटलं होतं? पिशवी तीन पदरी प्लास्टिकमध्ये बांधली होती. तरी टीएमटीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट ठाण्यापर्यंत रिकामी राहिली. हा शुभशकुन आहे असं त्यांना वाटलं.

बालमंदिराच्या कोपऱ्यात त्या मांडी घालून बसल्या. सूप मांडीवर घेतलं, पिशवी सोडली. आणि खरोखर सांगतो, मालनबाई तरे बसल्या. कुणाचं बटण उघडं होतं, दिसलं, उठल्या नाहीत. कुणी वाळू डोक्यावर ओतून घेत होतं, दिसलं, उठल्या नाहीत. त्या नुसत्या निवडत राहिल्या.

मग वास उठला.

सुक्या जवळ्याचा वास कोलशेतात कुणाला येत नाही. तिथं तो हवेचाच भाग आहे. पण त्या बालमंदिराच्या भिंतींना तो पहिल्यांदाच भेटत होता. आधी एक मुलगी नाक हुंगत आली. मग एक मुलगा.

"हे काय आहे?"

मालनबाईंनी ओठ घट्ट मिटले. बोलायचं नव्हतं.

"अरे, याला डोळे आहेत!"

डोळे आहेत म्हटल्यावर ठोकळे, मणी, वाळू, सगळं ओस पडलं. पोरं सुपाभोवती कोंडाळं करून बसली. बालमंदिराच्या इतिहासात एवढी एकाग्रता कुणी पाहिली नसेल. एकानं काडी वेचली. मग सगळीच वेचायला लागली. मालनबाईंनी निरीक्षणासाठी निवडलेला मुलगा तर थेट त्यांच्या गुडघ्यावर टेकून बसला, आणि दुसरा एक, लेल्यांचा नातू, ज्याच्या घरी लसूणसुद्धा बिचकत येतो, त्यानं एक जवळा तोंडात टाकला, विचार केला आणि म्हणाला, "अजून."

नेमके तेव्हाच त्याचे आजोबा त्याला न्यायला आले. दारातूनच त्यांनी नाकाला उपरणं लावलं. "गटार फुटलंय का हो?" त्यांनी विचारलं. मग त्यांना नातू दिसला. पुढचं सगळं मी मंजुळाच्या तोंडून ऐकलं आहे आणि ती प्रत्येक वेळी इथं येऊन हसायला लागते, त्यामुळे मला ते नीट माहीत नाही. एवढं कळलं की आजोबांना खुर्ची द्यावी लागली, नातवाला चूळ भरायला लावली तर त्यानं भोकाड पसरलं, आणि या सगळ्या गोंधळात मालनबाई जागच्या हलल्या नाहीत. अर्धा तास पुरा व्हायचा होता ना!

बालमंदिराच्या व्यवस्थापकांनी निरोप धाडला: त्या बाईंना पुन्हा खाली पाठवू नका.

कालिंदीताई त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीतून उठल्या. मालनबाईंना घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालत आल्या.

"बाई, मी उठले नाय," मालनबाई म्हणाल्या. आवाजात रडू होतं.

"नाही उठलात. खरंय. आता सांगा, तुमच्या मुलानं काय केलं?"

"जवला निवडला."

"त्याच्या आधी?"

मालनबाईंनी पिशवीची गाठ आवळली. मग म्हणाल्या, "त्याच्या आधी मीच जवला निवडीत होते."

"मालनताई, तुम्हाला सगळी आळी दिसते. ते चांगलंच आहे. पण तुम्ही एकाला बघायला हवं. एकाच मुलाला. ते तुम्ही अजून एकदाही केलेलं नाही."

जवळ्याची पिशवी छातीशी धरून मालनबाई परत आल्या. दुसऱ्या दिवशी बालवाडीत त्यांनी स्वतः झाडू काढला, ओसरी झाडली, आणि झाडतच राहिल्या. "सराव करते," त्या म्हणाल्या. "जूनपासून हाच धंदा हाय." पोपटनं त्या दिवशी पुस्तक उघडलं नाही. दगडाबाई सुपाकडे बघत स्वतःलाच शिव्या देत होत्या. आमच्या घरातही कुणाला चैन पडेना. बायको भाजी चिरताचिरता थांबे आणि म्हणे, "त्या बाईला वर्षभर शिकवलं आणि अर्ध्या तासासाठी घालवायचं?" मी म्हणे, "नियम आहे." ती म्हणे, "तुम्ही गप्प बसा." म्हणजे गप्प बसायची परीक्षा घरोघर चालूच होती.

चार-आठ दिवसांनी मंजुळा कालिंदीताईंचा निरोप घेऊन कोलशेतला आली. मालनबाईंची परीक्षा त्यांच्याच बालवाडीत घ्यायची ठरली होती. कालिंदीताईंनी त्यासाठी किती ठिकाणी शब्द टाकला ते त्यांचं त्यांना ठाऊक. परीक्षक ठाण्याहून येणार होत्या. त्या दिवशी वर्ग मंजुळा घेणार आणि मालनबाई कोपऱ्यात बसणार. ही शेवटची संधी. "आणि ताईंनी सांगितलंय, ज्या मुलाची तुम्हाला सगळ्यात कमी माहिती आहे, ते मूल निवडा."

"मना सगल्यांची माहिती हाय," मालनबाई फणकारल्या. "धाकूला लिमलेट लागतं, मारायला आधी डावा हात उचलतो. शेवंतीला..." त्या थांबल्या. "शेवंतीला खिडकी आवडते."

"तिनं सांगितलं?" मंजुळानं सहज विचारलं.

मालनबाईंनी हातातला झाडू कोपऱ्यात उभा करून ठेवला.

परीक्षेच्या दिवशी गावानं स्वतःच संचारबंदी पुकारली. समाजमंदिराच्या वाटेवर दगडाबाई काठी घेऊन बसल्या. "आज माझ्या सुनेला कुनी हाक मारायची नाय. मेलं कुनी तरी नाय," असं त्यांनी जाहीर केलं. पोपटनं कोंबड्या कोंडल्या. मी अर्धी रजा टाकून देवळाच्या कठड्यावर उगाच उभा होतो. तिथून ओसरी सगळी दिसायची. बायकोही आली होती, धाकटीचा डबा द्यायला म्हणून. डबा धाकटीनं सकाळीच नेला होता.

परीक्षक बाई चष्म्याच्या, मितभाषी; बरोबर कालिंदीताईही आल्या होत्या. मनगटावरचं घड्याळ काढून परीक्षकांनी समोर ठेवलं. मालनबाई कोपऱ्यात चौरंगावर बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. समोर सूप नव्हतं. समोर खिडकीपाशी शेवंती होती.

मंजुळानं मातीचे गोळे आणि पाण्याच्या वाट्या दिल्या. धाकूनं शेजारच्याला डाव्या हातानं एक ठेवून दिली. मालनबाईंच्या गळ्याची शीर उडाली, पण नजर हलली नाही. शेवंतीनं गोळ्याचे लहान लहान लांबट तुकडे केले. ते ओळीनं मांडले. त्यांच्यावर पाणी शिंपडलं, बाजारात बायका शिंपडतात तसं, बोटांनी झटकून. मग वाटी उचलायला गेली आणि वाटी कलंडली.

पाणी जमिनीवर पसरलं. शेवंतीनं वर पाहिलं, सरळ मालनबाईंकडे. तिला माहीत होतं आता काय होणार. बाई येणार, पदरानं पुसणार, "शेवंतीच्यानं सांडलं गो," असं सगळ्यांना सांगणार, नवी वाटी देणार. रोजचंच होतं.

बाई आल्या नाहीत.

पाणी मातीच्या माशांपर्यंत पोचलं. पहिला मासा विरघळायला लागला. शेवंती बघत राहिली, एकदा माशाकडे, एकदा बाईंकडे. मालनबाईंचा अख्खा देह चौरंगावर थरथरत होता, होडी दोरीला ताणावी तसा. माझ्या शेजारी बायकोनं माझं मनगट असं धरलं की अजून आठवतं.

"बाई."

आवाज बारीक, खरखरीत होता. कुणाचा ते आम्हाला कळलंच नाही आधी.

"बाई, पानी सांडलं."

मंजुळाच्या हातातला गोळा खाली पडला. मालनबाईंनी तोंड उघडलं, परीक्षक बाईंनी मान वर केली, आणि मालनबाईंनी तोंड मिटलं. आयुष्यात त्यांना कुठल्या वाक्याला उत्तर द्यावंसं वाटलं असेल तर याच वाक्याला, आणि नेमकं तेव्हाच बोलायचं नव्हतं.

शेवंती उठली. तरातरा चौरंगापाशी गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझी मासली भिजली ना! फडका कुठं हाय?" उत्तर नाही. तिनं मान वाकडी करून बाईंच्या तोंडाकडे खालून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "बाई, तू मुकी झालीस?"

परीक्षक बाईंनी रुमाल तोंडाला लावला. कालिंदीताई खाडीकडे बघायला लागल्या. मालनबाईंच्या डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून हनुवटीवर उतरलं. पुसायला हात मांड्यांखालून निघाले नाहीत. शेवंतीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग दाराशेजारच्या खुंटीवरचं फडकं उडी मारून ओढलं आणि स्वतः पाणी पुसलं. पुसताना बडबड चालूच होती: मासळी महाग झाली, धाकूला देणार नाही, बाईचा घसा बसलाय.

वेळ संपल्यावर परीक्षक म्हणाल्या, "सांगा. काय पाहिलंत?"

मालनबाई उभ्या राहिल्या. "शेवंतीनं मातीची मासली केली," त्यांनी सुरुवात केली. "पानी शिंपडलं. वाटी सांडली. माझ्याकडे बघितलं." त्यांनी पदरानं हनुवटी पुसली. "मी गेले नाय. मंग ती बोलली."

"ती बोलत नव्हती का आधी?"

"आधीचं मी बघितलेलं नाय, बाई," मालनबाई म्हणाल्या. "आधी मी मधेच उभी असायची."

परीक्षकांनी घड्याळ मनगटावर बांधलं. जाताना त्या कालिंदीताईंना म्हणाल्या, "शेवटचं वाक्य निरीक्षणात बसत नाही तसं." मग जरा चालून पुन्हा म्हणाल्या, "राहू दे."

मालनबाई काठावर पास झाल्या. जूनमध्ये बालवाडी उघडली तेव्हा ओसरीवर त्याच होत्या, आणि झाडायला, खाऊ वाटायला पर्यवेक्षिकांनी दुसरी मदतनीस दिली. तिला मालनबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "लगेच धावू नको गो. आधी बघ."

हे म्हणताना त्या उभ्या होत्या, हे सांगायला हवं. अंगातली वळवळ काही गेली नाही. परीक्षेचा चौरंग ओसरीतच राहिला होता, त्यावर त्या रोज थोडा वेळ हात दाबून बसत. एकेक मूल बघत. त्यांच्या चेहऱ्यावरून कळे, केवढं कठीण चाललंय ते. आमची धाकटी घरी येऊन आता ओरडून पाणी मागायला लागली. शेवंती तर एवढी बोलायला लागली की राघोबांना प्रथमच ऐकू कमी येण्याचा फायदा दिसला. आणि मालनबाईंनी पोपटला ओट्यावर बसवून नवीन पुस्तक उघडायला लावलं, दहावीचं. "बाहेरून बसनार," त्या म्हणाल्या. पोपटनं जाळं बाजूला ठेवलं. ते अजून तसंच आहे.

डोंबिवलीच्या वर्गानं निरोपाच्या दिवशी एकत्र फोटो काढला होता. तो बालवाडीच्या भिंतीवर लागला तेव्हा गाव बघायला लोटलं. मधोमध खुर्चीत कालिंदीताई, मागं मुली, आणि टोकाला मालनबाई. चेहरा लख्ख! नाक, डोळे, कपाळावरचं कुंकू, सगळं जागच्या जागी. कोलशेताला प्रथमच कळलं की त्यांच्या गालावर तीळ आहे. पोपट तर बराच वेळ तिथून हललाच नाही. फोटोत फक्त मालनबाईंचा उजवा हात शेजारच्या मंजुळाच्या सुटलेल्या वेणीकडे निघालेला, पुसट, वाऱ्यासारखा.

दगडाबाईंनी डोळ्यांवर हात धरून फोटो निरखला. खालून वर, वरून खाली.

"चला," त्या म्हणाल्या, "हात सोडून बाकीची तरी बसली."